फुकट शिकवणाऱ्या माणसाचा रविवार

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायचा दुतर्फा रेडिओ, मला सांगलीच्या काकांनी शिकवला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. नात्यातले नाहीत, ओळखीच्या ओळखीतून भेटलेले. त्यांनी एक रुपया घेतला नाही. आणि त्यांचा एक अख्खा रविवार मी वाया घालवला. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या रविवारी शिकले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

परवाना आला होता, जुना सेट घेतला होता आणि तासगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर चाळीस मीटर बँडचा (सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे मध्ये जोड असलेली सरळ तारेची अँटेना, बांधला होता. त्याचा हिशेब सोपा असतो. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला वीस मीटरच्या किंचित वर, म्हणजे मधल्या जोडापासून दोन्हीकडे दहा-दहा. माप चोख होतं, तरी एसडब्ल्यूआरचा काटा पाचाच्या खाली येईना. पाठवलेल्या शक्तीपैकी किती अँटेना घेते आणि किती परत फिरते, ते हा आकडा सांगतो. दीडच्या आत असला की निवांत, तीनच्या वर गेला की सेटची काळजी करायची.

तीन संध्याकाळी मी काकांना फोन केले. तिन्ही वेळा माझं वाक्य एकच, "काका, एसडब्ल्यूआर जास्त येतोय." त्यांना फोनवर दुसरं काय दिसणार? ते म्हणाले, तार लांब झाली असेल, दोन्हीकडून चार बोटं कमी कर. केली. फरक नाही. आणखी कमी केली. मग म्हणाले, आता थोडी जोडून बघ. चौथ्या दिवशी, रविवारी, ते पिशवीत स्वतःचा मीटर घालून एसटीने आले. गुडघेदुखी असताना आमचा लोखंडी जिना चढून गच्चीवर गेले, तार बघितली, खाली येऊन सेटसमोर बसले आणि सेटमागची केबल दोन बोटांनी नुसती हलवली. काटा उडाला.

"हे आधी होत होतं?"

होत होतं. पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं होतं. सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

कनेक्टर उघडला. मधल्या तारेचा डाग बरा बसला होता. बाहेरच्या जाळीवरचं सोल्डर मात्र मण्यासारखं नुसतं वर बसलेलं होतं, धातूला धरलेलंच नव्हतं. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं. पीएल-२५९ या कनेक्टरचं जाड कडं त्याने तापतच नाही. काकांनी मल्टिमीटरचं एक टोक कड्याला लावलं, दुसरं जाळीला. बीप नाही, म्हणजे जोडच नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. ते रागावले नाहीत. संध्याकाळच्या एसटीला बसताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी फोनआधी बीप ऐक."

घरी परत येऊन मी हिशेब मांडला. तीन फोन, त्यांचा जाता-येता एसटीचा प्रवास, सकाळी चुकलेलं नेट (ठरलेल्या वेळी हॅम रेडिओवर एकत्र येतात ते), दुपारची झोप, काकूंनी पहाटे उठून बांधून दिलेला डबा. हे सगळं एका बीपसाठी. फुकट शिकवणाऱ्या माणसाचा वेळ मोजताना आपण तो समोर बसलेला तासच मोजतो. त्याचा बाकीचा वेळ आपल्या अर्धवट सांगण्यात जातो, आणि वाचवता येतो तोही तिथेच.

हॅम रेडिओत शिकवण्याचे पैसे का घेत नाहीत, हे नव्या माणसाने समजून घ्यावं. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत या सेवेची व्याख्याच अशी आहे की स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क साधणं आणि तांत्रिक शोध घेणं, तेही केवळ स्वतःच्या आवडीपोटी, आर्थिक लाभाविना. त्यामुळे शिकवणंही तसंच, हातून हातात. अशा शिकवणाऱ्याला जगभर 'एल्मर' म्हणतात. १९७१ मध्ये 'क्यूएसटी' या अमेरिकन मासिकातल्या एका सदरात एल्मर फ्रोहार्ट नावाच्या जुन्या हॅमविषयी कृतज्ञतेने लिहिलं गेलं आणि त्यांचं नावच सगळ्या शिकवणाऱ्यांना लागलं. आमचे एल्मर म्हणजे काका.

त्यांच्या शिकवण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. बाकीचा संपर्क तुटलेला असताना त्यांच्या रेडिओवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. काका ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतात. मी स्वतः या छंदाकडे वळले ते २०१९ च्या ऑगस्टमुळे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि सांगलीतल्या माझ्या मावशीचा फोन दोन दिवस लागत नव्हता. काका वेळ देतात तो मला हौस आहे म्हणून नाही, पुढच्या पुरात आणखी एक सेट चालू असावा म्हणून. तो वेळ उधळायचा नसतो.

पहिल्याच भेटीत विचारून घ्या

कधी फोन करू, किती वेळ देऊ शकाल, आणि प्रश्न कसा पाठवलेला आवडेल. हे तीन प्रश्न पहिल्या दिवशी विचारताना संकोच वाटतो. आपण म्हणतो, मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं. पण न विचारता दुपारी अडीचला फोन करून उठवण्यापेक्षा विचारलेलं कितीतरी बरं. काकांनी स्वच्छ सांगितलं होतं. सकाळी ते नेटवर असतात, तेव्हा फोन नको. एक ते चार विश्रांती. रविवारी चार ते साडेपाच शिकायला ये. मधल्या दिवसांत लिहून पाठव, बोलून नको.

हे 'बोलून नको' मला तेव्हा कळलं नव्हतं. आज माझ्याकडे तीन मुलं शिकतात आणि पटकन कळतं. चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज मला चार मिनिटं ऐकावाच लागतो. त्यात 'म्हणजे ताई, ते काय झालं ना' यातच पहिलं मिनिट जातं, आणि तारेची लांबी नेमकी किती सांगितली ते बघायला परत मागे जावं लागतं. तेच लिहिलेलं असेल तर वर्गात मुलांना गणितं सोडवायला दिलेली असतानाही नजर टाकता येते. लिहिणाऱ्याला दहा मिनिटं जास्त लागतात हे खरं. ती त्यानेच घालवायची असतात.

कुठला प्रश्न कुणाचा

शिकताना पडणारे प्रश्न मी तीन ठिकाणी वाटते. पुस्तकाचे, यंत्राचे आणि माणसाचे.

क्यू-कोड (रेडिओवरचे तीन अक्षरी संकेत), ओहमचा नियम, कुठला बँड कुठून कुठपर्यंत, परवान्याच्या अटी हे पुस्तकाचे प्रश्न. हे काकांना विचारणं म्हणजे विहिरीवर जाऊन घरातल्याच माठातलं पाणी मागणं. जोड बसलाय का, बॅटरीत किती व्होल्ट आहेत, केबल कुठे शॉर्ट आहे, हे मीटरला विचारायचं. मीटरला दुपारची झोप नसते. आणि उरलेले, ज्यांचं उत्तर पुस्तकात सापडत नाही आणि काट्यावरही दिसत नाही, ते माणसाचे. आमच्या गच्चीवर पूर्व-पश्चिम तार ओढू की शेजारच्या नारळाला दुसरं टोक बांधू? हा आवाज ट्यूबलाइटचा की शेजारच्या इन्व्हर्टरचा? चाळीस वर्षं ऐकलेल्या कानाला हे क्षणात कळतं. त्यांचा रविवार अशा प्रश्नांसाठी ठेवावा.

मोर्सचं उदाहरण देते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे वाया जाताना मी पाहते. मी जनरल ग्रेडच्या, म्हणजे वरच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करत होते, त्यात मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यायचा होता. मोर्समध्ये अक्षरं लहान-लांब आवाजांची असतात. लांब आवाज 'डा' हा लहान 'डिट'च्या तिप्पट लांब, दोन अक्षरांत तीन डिटांचं अंतर, दोन शब्दांत सातांचं. एवढं कळायला पाच मिनिटं पुरतात. पुढचं सगळं रोजच्या सरावाचं. सुरुवातीला 'के' आणि 'एम' ही दोनच अक्षरं पूर्ण वेगात ऐकायची, दहातली नऊ बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं. हे मोबाइलवरचं ॲप न कंटाळता करून घेतं. आठवडाभर रोज वीस मिनिटं मी ॲपसमोर बसायचे आणि रविवारी काकांना फक्त माझा हात ऐकवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, "तुझा 'क्यू' घाईत संपतोय, शेवटचा डा पूर्ण दे." हे कुठल्याही ॲपने मला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी सराव न करताच गेले असते, तर ते वाक्य ऐकायच्या ऐवजी त्यांच्याकडून अक्षरं घोकून घेत बसले असते.

प्रश्न कसा लिहायचा

काय करायचं होतं, काय केलं, काय दिसलं, स्वतःला काय वाटतं आणि नेमकं काय हवंय. या क्रमाने लिहा. 'काय दिसलं' यावर सगळ्यात जास्त शब्द खर्च करा, आणि त्यात जे बिनमहत्त्वाचं वाटतं तेही घाला. महत्त्वाचं काय हे आपल्याला कळत असतं तर आपण विचारलंच नसतं. केबल हलवल्यावर उडणारा तो काटा मी विसरलेली नाही.

त्या रविवारच्या आधी मी हे पाठवायला हवं होतं:

"काका, चाळीस मीटरच्या डायपोलचा एसडब्ल्यूआर ७.०५० ला साडेपाच, ७.१०० ला पाच, ७.१५० ला पुन्हा साडेपाच येतोय. तार दोन्हीकडे १०.०५ मीटर, उंची जमिनीपासून अंदाजे आठ मीटर. केबल आरजी-५८, पंधरा मीटर. सेटमागची केबल हलवली की काटा उडतो. केबल दोन्हीकडून सोडवून कंटिन्युइटी (तार सलग आहे का ते) बघितली, मधल्या तारेला बीप येते, जाळीला येत नाही. मला वाटतं सेटकडच्या कनेक्टरचा बाहेरचा डाग बसलेला नाही. पुन्हा करते आहे. माझं आयर्न २५ वॉटचं आहे, ते पुरेल का? घाई नाही, रविवारी सांगितलंत तरी चालेल."

यात काकांचं काम उरलं असतं ते एका ओळीचं. पुरणार नाही, साठचं घे. आणि खरं तर एवढं लिहिता लिहिता माणूस मीटर हातात घेतोच. आज माझे निम्मे प्रश्न पाठवायच्या आधीच सुटतात. 'घाई नाही' हे दोन शब्दही न चुकता लिहा, घाई नसेल तर. समोरचा माणूस जेवण अर्धवट टाकून उत्तर देणाऱ्यांपैकी असू शकतो.

मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर प्रश्न आणि आकडे, उजवं पान कोरं. उत्तर मिळालं आणि करून पाहिलं की उजव्या पानावर काय झालं ते लिहायचं. हॅमला लॉगबुकाची, म्हणजे प्रत्येक संपर्काची नोंद ठेवायची सवय असतेच, तीच इथे वापरली. तेच पुन्हा विचारायची वेळ येत नाही. काका रविवारी आधी वहीच मागतात, उजवं पान कोरं दिसलं की पुढचा प्रश्न घेत नाहीत.

एकाच वेळी पाच जणांना तोच प्रश्न टाकू नका. दुसऱ्या कुणाला विचारलं असेल तर तसं सांगा आणि त्याने काय सुचवलं तेही सांगा. काकांनी एकदा आमच्यातल्या एकासाठी जुनं सर्किट माळ्यावरून शोधून काढलं, आणि याला उत्तर आदल्या रात्रीच दुसरीकडून मिळालेलं होतं.

किती वेळ अडकून राहायचं

मी दोन संध्याकाळी देते. पहिल्या संध्याकाळी प्रयत्न, रात्री वहीत आकडे, दुसऱ्या संध्याकाळी नव्याने. तरी नाही सुटलं तर विचारायचं. त्याहून जास्त अडकून बसणंही बरं नाही. आमच्या शाळेतली एक मुलगी 'ताईंना त्रास नको' म्हणून महिनाभर चुकीच्या दिशेने लावलेल्या डायोडशी झटत बसली आणि जवळजवळ सोडूनच देणार होती. ते मला जास्त लागलं. विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

जिवाला धोका असेल तिथे मात्र ना दोन संध्याकाळी, ना घाई नाही. तारेचं टोक विजेच्या लाइनजवळून जात असेल तर बांधायच्या आधी विचारा, रात्री अकरालाही विचारा. व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर उघडायचा असेल तर झाकणाला हात लावायच्या आधी विचारा. स्विच बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब उरलेला असू शकतो. अशा फोनवर कुठलाही गुरू चिडत नाही. आणि काकांच्या सेटसमोर बसलेले असताना ते सांगत नाहीत तोवर पीटीटीला, म्हणजे बोलण्यासाठी दाबायच्या बटणाला, बोट लावायचं नाही. परवाना त्यांच्या नावाचा आहे, जाबही त्यांनाच विचारला जाईल.

काकूंचा वेळ

याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी चारला पोहोचायचे. काकू दार उघडायच्या, पाणी द्यायच्या, सव्वाचारला चहा, पाचला काहीतरी खायला. चौथ्या-पाचव्या रविवारी स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तर त्या ओट्याशी बसून मिरच्या निवडत होत्या. म्हणाल्या, "रविवारी माझं भजन असतं चारला. पण तू येतेस ना." त्या चिडून नव्हत्या बोलल्या. मलाच ते ऐकून कसंतरी झालं. काकांचा वेळ मी विचारून घेतला होता, काकूंचा न विचारता घेत होते.

त्यानंतर आम्ही वेळ बदलून सकाळी दहाची केली. मी घरून चहा पिऊन निघते आणि तसं दारातच सांगते. पाण्याची बाटली माझी. कप वापरला तर विसळून ठेवते. घरी शिकवणाऱ्या माणसाकडे जाणार असाल तर घरातल्या बाकीच्यांना कोणती वेळ सोयीची हे विचारा, आणि ते त्या माणसाला नाही, त्यांनाच विचारा.

निघायची वेळही आपण पाळायची. काका बोलत बसले की त्यांना भान राहत नाही, आणि मोठा माणूस 'आता जा' म्हणत नाही. साडेअकराला मीच म्हणते, "काका, वेळ झाली, हे पुढच्या रविवारी." रेडिओवर बोलणं संपवताना हॅम '७३' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. ७३ नंतर नवा विषय कुणी काढत नाही. दारात चपला घालताना 'आणि हां, एक शेवटचं' असं मी आता म्हणत नाही.

पैसे, वस्तू, काम

पाकीट देऊ नका, त्यांना ते लागेल. पण आपल्यामुळे होणारा खर्च आपला. सोल्डर, केबल, कनेक्टर आपण आणायचं, आपल्या घरी बोलावलं तर तिकीट किंवा गाडीची सोय आपण करायची. मीटर किंवा मोर्स की उसनी घेतली तर कधी परत देणार ते घेतानाच सांगायचं, वहीत लिहायचं, आणि परत देताना सेल काढून, पुसून द्यायची. सेल आत राहून पाझरला तर मीटर जातो. काकांचा एक चांगला मीटर तसाच गेलेला आहे.

आणि त्यांच्या उपयोगी पडा. काकांना गच्चीवर चढवत नाही, ते मी करते. मोबाइलवरचे सरकारी फॉर्म भरून देते, जुन्या लॉगची पानं टाइप करते. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर एकही प्रश्न पाठवला नाही, फक्त रोज सकाळी नेटवर कोण कोण आलं ते फोनवर वाचून दाखवलं.

काय झालं ते कळवा

सांगितल्याप्रमाणे केलं की दोन दिवसांच्या आत कळवा. जमलं तरी आणि नाही जमलं तरी. "काका, साठचं आयर्न आणलं, डाग बसला, ७.१०० ला एसडब्ल्यूआर १.३ आला." एवढं पुरे. हे पाठवलं त्या रात्री काकांचा लगेच फोन आला, स्वतःहून. त्या आठवड्यात त्यांनी तीनदा गच्चीचा विचार केला होता म्हणे. माणूस उत्तर देऊन मोकळा होत नाही, ते त्याच्या डोक्यात फिरत राहतं. आता शिकवायला लागल्यावर माझंही तेच होतं.

शिकणं थांबवायचं असेल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही. माझ्याकडे एक मुलगा चार रविवार आला आणि मग आला नाही. पुढचे तीन रविवार मी दहा वाजता सेट लावून, दुसरी खुर्ची ओढून बसत होते. फोन उचलत नव्हता, मला वाटलं आजारी आहे. नंतर कळलं, क्लास लागला होता. दुसऱ्या मुलाने यंदा असं पाठवलं: "ताई, बारावीचं वर्ष आहे, जूनपर्यंत जमणार नाही. तुमचा मीटर शनिवारी आईच्या हाती पाठवतो. सेल काढले आहेत."